कावळा येईल असं सुशीचं हॉटेल

हा ब्लॉग माझ्या नवऱ्याचा, विलासचा. सिंधुदुर्गात कुठे काय चांगलं खायला मिळतं, रस्ता कसा आहे, गाडी कुठे लावायची, हे तो इथे लिहायचा. मागच्या थंडीत तो हृदयविकाराच्या झटक्याने गेला. हे माहीत नसलेले काही वाचक अजूनही "काका, नवीन लेख कधी?" असं विचारतात, म्हणून आधीच सांगितलं. मी सरिता. सावंतवाडीत आमचं औषधांचं दुकान आहे, ते मी बघते. मला त्याच्यासारखं खुसखुशीत लिहिता येत नाही. पण ही सहल त्याच्याच एका राहून गेलेल्या लेखाची आहे, तेव्हा ती इथेच लिहायला हवी.

तळलेल्या बांगड्यावरच्या त्याच्या लेखाखाली एका वाचकाने विचारलं होतं, "काका, सुशी खाल्ली आहे का कधी?" त्यावर विलासने लिहिलं होतं, "नाही हो. कच्चा मासा आणि गार भात, यात एवढं काय असतं ते बघायचंय. लवकरच." ते लवकरच राहिलं. मी ते विसरूनही गेले होते. ते शोधून काढलं माझ्या नणंदेने.

सुमन विलासची धाकटी बहीण. देवगडला असते. घरची हापूसची कलमं, बंदर घरापासून चालत जाण्याएवढं, घरात रोज ताजा मासा. आणि ही बाई गेले कित्येक महिने डाळ-भात खात होती. त्याचं कारण असं, की विलासच्या दहाव्याला कावळा शिवला नाही. आम्ही खाडीच्या काठावर उन्हात उभे होतो. माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही असं मानतात, म्हणून जमलेले लोक एकेक गोष्ट कबूल करत होते. सुमन तर सगळंच कबूल करून बसली. जुईचं, म्हणजे बाहेरगावी नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीचं, लग्न करून देऊ. ब्लॉग बंद पडू देणार नाही. तुझ्या स्कूटरला कुणाला हात लावू देणार नाही. मी काही बोलले नाही. मला चार लोकांत बोलता येत नाही, आणि त्या दिवशी तर काही सुचतच नव्हतं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले.

सुमनला तो दर्भाचा कावळा काही पटला नाही. "खरो कावळो दादाचां घेईपर्यंत मी मासो खावचंय नाय," असं तिने जाहीर केलं. तिचं हिमोग्लोबिन मुळातच कमी. लोहाच्या गोळ्या माझ्याच दुकानातून जातात, त्यामुळे ती किती खालावली आहे हे मला पाकिटांवरूनच कळत होतं.

दिवाळीनंतर एका दुपारी तिचा फोन आला.

"वयनी, माका गावली."

"काय गं?"

"दादाची इच्छा. मोबाइलार त्येचे जुने लेख वाची होतंय. त्येका सुशी खावची होती. आमी मेले लग्नां आणि स्कूटरी कबूल करत बसलंव!"

मी माहेरची घाटावरची, गारगोटीची. सासरची भाषा सगळी समजते, बोलायला मात्र अजून संकोच वाटतो. म्हणून मी तिला माझ्या मराठीत समजावलं की वर्षश्राद्ध जवळ आलंय, तेव्हा बघू. ती ऐकेना. वर्ष व्हायच्या आत दादाला सुशीची वाडी दाखवायची, म्हणजे त्याच्या नावाने पान वाढून बाहेर ठेवायचं, कावळ्याने घेतलं की झालं. मग तीही मासे खाईल. हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी हो म्हटलं.

तर मंडळी, सुशीचं हॉटेल निवडताना लोक काय बघतात? मासा ताजा आहे का, जागा स्वच्छ आहे का, खिशाला परवडेल का. मला याशिवाय शांतताही हवी होती. कारण मालवण-कुडाळकडच्या ओळखीच्या खानावळीत शिरलं की मालक गल्ल्यावरून उठून येतो, "वाईट झालां हो," म्हणतो आणि आपला घास तिथेच अडतो. सुमनची अट एकच होती. कावळा यायला हवा.

पहिला फोन पणजीला केला. सावंतवाडीहून गोवा जवळ, तिथे सुशीची हॉटेलं भरपूर. सुमनलाही त्याच फोनवर घेतलं होतं, ही चूक झाली. मी टेबलाचं विचारत होते, तेवढ्यात ती मधेच म्हणाली, "तुमच्याकडे कावळे येतत काय?"

पलीकडचा मुलगा जरासा दुखावला. "नाही मॅडम, सगळं एसी आहे. आणि दर महिन्याला पेस्ट कंट्रोल होतं."

"मगे काय उपयोग?" म्हणत सुमनने फोन ठेवून दिला.

तारकर्लीच्या एका रिसॉर्टमध्ये शनिवारी सुशी असते असं कळलं. देवबागला एक लहानसं हॉटेल असल्याचंही एका गिऱ्हाइकाने सांगितलं. दोन्ही जागा डोळ्यांनी बघायचं ठरवलं. शनिवारी मी एकटी पुढे जाणार, रविवारी सुमन देवगडहून एसटीने मालवणला येणार.

एकटी म्हणजे गाडी चालवत. विलास असताना मी कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. तो मागे लागायचा, मी टाळायची. पावसाळ्यात क्लास लावून शिकले, पण सावंतवाडीच्या बाहेर ही पहिलीच खेप. हायवेने कुडाळपर्यंत काही प्रश्न आला नाही. कुडाळला मालवणकडे वळताना ऐन चौकात गाडी बंद पडली. मागचा टेम्पोवाला ओरडला, "ओ बाय, हयच वस्ती करतास काय?" दोनदा चावी फिरवल्यावर चालू झाली. तुम्ही नवशिके असाल तर कुडाळात सकाळी लवकर पोचा, बाजाराची गर्दी व्हायच्या आत.

तिथून धामापूरमार्गे जाणारा रस्ता झाडीतला आहे, वळणावळणाचा. धामापूरच्या तळ्याच्या अलीकडे एका टपरीवर घावणे आणि नारळाची चटणी खाल्ली. विलास इथे थांबायचाच. चहावाल्याने मला ओळखलं नाही, कारण मी नेहमी गाडीतच बसून असायची. मला बरं वाटलं.

रिसॉर्ट देखणं होतं. समुद्राकडे तोंड करून मांडलेली टेबलं, पांढऱ्या चादरी, गाणारा एक मुलगा माइक तपासत होता. डोक्यावर मात्र हिरवी जाळी. मी व्यवस्थापकाला विचारलं, ही कशाला? तो अभिमानाने म्हणाला, "पक्षी अजिबात येत नाहीत मॅडम. एकही नाही." शिवाय एक रखवालदार बेचकी घेऊन फिरत होता. मी लिंबू सरबत पिऊन निघाले. ज्यांना गाणी आणि रोषणाई आवडते त्यांनी जरूर जावं.

तारकर्लीहून देवबागला जाणारा रस्ता अगदी चिंचोळा, दोन्ही बाजूंना घरं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, आणि समोरून पर्यटकांची मोठी गाडी आली की कुणाच्या तरी अंगणात चाक घालावंच लागतं. मीही घातलं. अंगणातली बाई म्हणाली, "घाला घाला, सगळेच घालतत." राहायची खोली खाडीकाठच्या एका घरात घेतली होती. साधी, स्वच्छ. शनिवार-रविवारी भाडं वाढतं, तेव्हा आधी विचारून घ्या.

ते लहान हॉटेल त्याच वाटेवर पुढे होतं. हॉटेल म्हणजे घराची पडवी. लाकडी फळीसमोर काही खुर्च्या, अंगणात दोन टेबलं, आणि मागे चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगड रचून केलेली बुटकी भिंत. पलीकडे खाडीत होड्या बांधलेल्या. मालक नंदू देवबागचाच, बरीच वर्षं प्रवासी बोटीवर जपानी स्वयंपाकघरात कामाला होता. आता तो आणि त्याची बायको मिळून संध्याकाळपुरतंच चालवतात. आधी सांगून जावं लागतं.

मी गेले तेव्हा दुपार कलली होती. नंदू मागे बसून सुरमई साफ करत होता. आणि गडग्यावर ओळीने कावळे! शाळेच्या वर्गात बसल्यासारखे. नंदू डोकी, शेपट्या, आतडी त्यांच्याकडे फेकत होता आणि प्रत्येक जण आपापला वाटा घेऊन माडावर जात होता.

"रोज येतात?" मी विचारलं.

"रोज म्हणजे? मी पाच मिनिटां उशीर केलो तर घरात येऊन हाक मारतत."

माझं हॉटेल निवडून झालं होतं. खरं सांगायचं तर मी ते माशावरून निवडलं नाही, कावळ्यांवरून निवडलं. सुमनला यातलं काही सांगायचं नाही असंही तिथेच ठरवलं. मी नंदूला म्हटलं, उद्या आम्ही दोघी येऊ, साधारण पाच वाजता.

"पाचाक जेवण?" तो हसला. "चलात. बोटीवर म्हातारे पॅसेंजर पाचाकच जेवीत."

मी थोडी खट्टू झाले, पण ते असो. औषधवाली असल्यामुळे कच्च्या माशाची चौकशी केली. मासा आधी कडक थंडीत गोठवून ठेवतो, मगच कच्चा वाढतो, असं त्याने फ्रीजर उघडून दाखवलं. ज्यांना कच्चं नको त्यांना उकडलेली कोलंबी किंवा काकडीचीही सुशी मिळते.

रविवारी सुमन मालवणच्या स्टँडवर उतरली ती केळीचं पान गुंडाळून काखेत धरूनच. तोंड उतरलेलं, गळ्याची हाडं दिसत होती. मी गाडीचं दार उघडलं तशी ती आत न बसता आजूबाजूला बघू लागली.

"ड्रायवर खंय?"

"मीच."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग बसली, पट्टा लावला आणि देवबाग येईपर्यंत वरचा दांडा सोडला नाही. "बरी चालवतंस," एवढंच म्हणाली. "पण त्या कोंबड्याक पण जगूचां आसा, जरा हळू."

पाचला आम्ही नंदूकडे पोचलो. अंगण झाडून पाणी शिंपडलं होतं, फळीवर जास्वंदीचं फूल ठेवलं होतं. मी आधी गडग्याकडे बघितलं. गडगा रिकामा.

"आज मासे साफ करायचे नाहीत?" मी शक्य तितकं सहज विचारलं.

"तुमी खास जेवक येतलास म्हणान सगळां सकाळीच उरकलंय," नंदू म्हणाला. "तुमका वास नको, कावळ्यांची कावकाव नको. त्येंका पण सकाळीच पोटभर घातलंय. आता उद्यापर्यंत कोण येवचो नाय. निवांत जेवा."

इतक्या प्रेमाने केलेल्या गोष्टीला नावं कशी ठेवणार? मी छान म्हटलं आणि बसले.

पहिली ताटली आली. भाताचे बोटाएवढे मुटके, वर सुरमईचा पातळ काप, दुसऱ्यावर माकुल, म्हणजे स्क्विड, तिसऱ्यावर मिठात आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला बांगडा. बाजूला आल्याच्या गुलाबी चकत्या. तो रंग कोकमाचा, ही नंदूची स्वतःची कल्पना. सुमनने ताटली नीट निरखली, मग बांगड्याचा तुकडा उचलून केळीच्या पानावर ठेवला आणि गडग्यावर नेऊन मांडला.

"दादा, घे रे. ही बघ तुझी सुशी."

नंदूला काही सांगावं लागलं नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि दाराशी येऊन उभा राहिला. माडावर दोन-तीन कावळे होते. त्यांनी मान वाकडी करून बघितलं आणि पंखात चोच घालून बसले.

आम्ही थांबलो. खाडीतून एक होडी गेली. सुमन पदर सावरून परत बोलू लागली. "दादा, लिहिलेलंस ना तू, लवकरच म्हणान? मगे? किती लांबसून हाडलंय तुका." कावळे ढिम्म.

नंदू हळूच म्हणाला, "भाताक व्हिनेगर हा, म्हणान नको वाटत असात. आणि आत हिरवी वसाबी आसा, झोंबता. बिनवसाबीचां करून देऊ?"

"नको," सुमन म्हणाली. "दादाक तिखटच लागता."

सूर्य समुद्राच्या बाजूला माडांमागे गेला. सूर्य बुडाल्यावर कावळा शिवत नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. सुमन माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज रागाचा होता.

"वयनी, तू काय तरी सांग त्येका. त्या दिवशी पण गप्पच होतंस. दगडासारखी."

मी गडग्याजवळ गेले. पानावर तो एवढासा मुटका, खाडीचा वारा, आणि मागे दोन माणसं ऐकणारी. माझा तर या कशावर विश्वासही नाही. मग जे पहिलं मनात आलं तेच बोलले.

"अहो, मी गाडी शिकले. कुडाळच्या चौकात बंद पडली, पण चालू केली परत. दुकान उघडते रोज. संध्याकाळी जेवायचा कंटाळा येतो, ते खरं आहे. पण जेवीन. तुम्ही काळजी करू नका."

काहीच झालं नाही. कावळा आला नाही, पान हललं नाही. पण सुमनने माझा हात धरला आणि आम्ही दोघी परत खुर्च्यांवर येऊन बसलो. नंदूने न विचारता चहा ठेवला. मी रडत होते, ते लपवायलाही तिथे कुणी परकं नव्हतं.

आणि तिकडे आमची पाठ असताना गडग्यावर धप्प झालं.

मोठा, जरा पिसं विस्कटलेला कावळा. त्याने पानाभोवती एक चक्कर मारली. चोचीने बांगड्याचा काप सोलून अलगद उचलला, गिळला. मग भाताचा मुटका एकदा टोचून बघितला, मान झटकली, तो गडग्याखाली ढकलून दिला आणि खाडीवरून निघून गेला.

सुमन उभीच राहिली. "भात टाकल्यान!"

"हो."

"अगो वयनी, भात टाकल्यान! शुगर होती मा त्येका! डॉक्टरान भात बंद केल्यानी तेव्हापासून असोच, मासो खाय आणि भात ताटाच्या कडेक सारी!"

ती हसायला लागली. मग मी. मग दाराशी उभा असलेला नंदूही. एवढं हसू कुठून आलं कुणास ठाऊक. सुमन खुर्चीत बसली, बांगड्याचा दुसरा तुकडा अख्खा तोंडात टाकला, वसाबी नाकात गेली आणि ती टेबलावर हात आपटत म्हणाली, "आवशीक खाव, ह्यां खावक जगभरातली लोकां पैशे देतत?" आणि पुढचा उचलला. ताटलीत काही उरलं नाही. मग आणखी एक मागवली. मग नंदूच्या बायकोने घरच्यांसाठी केलेली तिरफळं घातलेली बांगड्याची कढीही आली, ती मेनूत नाही. सुमनचा खरा आनंद त्या कढीत होता, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते.

सुशीबद्दल माझं मत विचाराल तर सुरमई मऊ, माकुल जरा चिवट, बांगडा सगळ्यात छान. चांगल्या मालवणी थाळीपेक्षा बराच जास्त खर्च येतो आणि पोट तेवढं भरत नाही. वर्षातून एकदा खायला हरकत नाही. जागा शांत आहे. दुपारी उशिरा गेलात तर कावळेही भेटतील.

सोमवारी सुमनला मालवणला एसटीत बसवलं आणि मी त्याच रस्त्याने परत आले. कुडाळच्या चौकात गाडी बंद पडली नाही.

घरी येऊन हे सगळं लिहिलं, पण टाकायला धीर होईना. नंदूचे रोजचे कावळे बघून मी ती जागा ठरवली हे सुमनपासून लपवलं होतं, आणि ती हा ब्लॉग वाचते. शेवटी तिलाच आधी पाठवलं. तासाभरात फोन आला.

"वाचलंय," ती म्हणाली. "कावळ्यांचां माका म्हायत होतां."

"काय?"

"देवगडात जल्म गेलो माझो. गडग्यार सगळे खवले चिकटलेले. थंय रोज मासे साफ करतत ह्यां काय आंधळ्याक पण कळात."

"मग मासा कसा खाल्लास? तुला तर खरा कावळा हवा होता."

मागे तिच्या स्वयंपाकघरात काहीतरी तळल्याचा आवाज येत होता.

"तू बोललंस म्हणान," ती म्हणाली. "दादा सुशीसाठी थोडोच थांबललो? तू त्या दिवशी एक शब्द बोलूक नाय होतंस. तू काय करतलंस, कशी रवतलंस, ह्योच घोर माका होतो. त्येका पण तोच असतलो." आणि लगेच, "चल, ठेवतंय. माझे बांगडे करपतत."

गोळ्या अजून चालू ठेवल्या आहेत, मी बंद करू दिलेल्या नाहीत. मीही काल दोन बांगडे आणले. कोळणीने एकटीसाठी दोन कशाला असं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. खिडक्या उघड्या टाकून तळले. भाताबरोबर जेवले, व्यवस्थित.

रात्रीची भांडी झाल्यावर विलासचा तो जुना लेख उघडला. त्या वाचकाच्या प्रश्नाखाली त्याचं "लवकरच" अजून आहे. त्याखाली मी लिहिलं, "काकांनी सुशी खाल्ली. मासा आवडला, भात ठेवला."